गणपतीत गावी कोण जायचं?

गिरणगावाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "तेव्हा कसं सगळे सारखेच होते हो, एकाच भोंग्यावर उठायचे, एकाच नळावर भांडायचे." लग्नात, बारशात, गणपतीच्या मंडपात, कुठेही. म्हणणारा बहुतेक साठीच्या पुढचा असतो, आवाज जरा ओला झालेला असतो आणि आपण "हो ना" म्हणून मोकळे होतो कारण वाद घालायची ती जागा नसते. पण मला हे वाक्य कधीच पटलं नाही. माझे आजोबा १९५३ साली गावाहून मुंबईत आले आणि जवळपास तीस वर्षं एका गिरणीत होते, आणि त्यांच्या तोंडून मी "सगळे सारखे" हे एकदाही ऐकलं नाही. त्यांच्या तोंडात सारखं असायचं ते "तो कायम झालेला" आणि "मी तेव्हा बदली होतो".

माझं म्हणणं साधं आहे. १९५० च्या आसपासच्या गिरणगावात पुरुष माणसाची पत ठरायची ती आधी त्याचं नाव मस्टरवर, म्हणजे कायम कामगारांच्या हजेरीपटावर, आहे की नाही यावर, मग तो कुठल्या खात्यात आहे यावर, आणि पगाराचा नंबर त्यानंतर यायचा. आपण आज जो 'गिरणी कामगार' म्हणून डोळ्यासमोर आणतो तो खरं तर कायम झालेला साचेवाला, म्हणजे कापड विणायच्या मागावरचा माणूस असतो. बाकीचे आपल्या आठवणीतून गळाले. आणि कोण गळाले हे बघितल्याशिवाय कामगारवर्ग म्हणजे काय होतं हे कळत नाही, असं मला वाटतं.

पगाराचं आधी सांगतो, कारण लोक तिथूनच सुरुवात करतात. १९४७ साली औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांमधले पगार एका पट्टीत आले. त्याआधी त्याच कामाला या गिरणीत एक पैसा आणि रस्त्यापलीकडच्या गिरणीत दुसरा, असला प्रकार होता. निवाड्यात सगळ्यात खालच्या कामगाराला २६ दिवसांच्या कामाचे ३० रुपये मूळ पगार ठरला. त्यावर महागाई भत्ता, जो राहणीमानाच्या निर्देशांकाशी बांधलेला होता, आणि गंमत म्हणजे तो सगळ्या कामगारांना सारखा होता. झाडू मारणाऱ्याला जेवढा तेवढाच साचे चालवणाऱ्याला. महागाई चढत गेली तसा हा भत्ता मूळ पगाराच्या पुढे गेला, म्हणजे पाकिटातला मोठा भाग सगळ्यांचा सारखाच झाला. वरचा आणि खालचा यांच्यातलं पैशाचं अंतर बऱ्यापैकी आक्रसलं. आता "सगळे सारखे" म्हणणाऱ्यांच्या बाजूने बोलायचं तर हा त्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, आणि तो मी मान्य करतो.

फक्त एक अडचण आहे, भत्ता भरलेल्या दिवसांवर मिळायचा. ज्याचे २६ दिवस भरले त्याला पूर्ण, ज्याचे ११ भरले त्याला त्या हिशेबात. आणि दिवस भरणं बदलीवाल्याच्या हातात नव्हतंच.

बदली म्हणजे काय हे आज समजावून सांगावं लागतं. गिरणीत रोज काही माणसं गैरहजर असणार, कुणी आजारी, कुणी गावी गेलेला, कुणी पगाराच्या दुसऱ्या दिवशी गुत्त्यात आडवा. साचा तर बंद ठेवता येत नाही. मग त्या जागेवर उभं राहायला माणसं लागतात, ती बदलीवाली. पूर्वी हे सगळं जॉबरच्या हातात होतं. जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम, तोच माणूस आणणार, तोच काढणार, तोच कर्ज देणार, त्याचाच भाऊ खानावळ चालवणार किंवा खोली भाड्याने देणार. त्याला दस्तुरी, म्हणजे लाच, दिल्याशिवाय साच्याला हात लागत नसे. १९३५ मध्ये मालकांच्या संघटनेने बदली कार्डाची पद्धत आणली, दर महिन्याला ठरावीक माणसांना कार्ड, रोज सकाळी गेटवर हजेरी, आणि जागा रिकामी झाली तर आधी या कार्डवाल्यांनाच. पुढे १९५० मध्ये सरकारी नोंदणीची योजना आली. कागदावर जॉबरची नांगी ठेचली गेली. आजोबा म्हणायचे की नांगी ठेचली हे खरं, पण विंचू खात्यातच होता.

रोजचा प्रकार असा. पहिली पाळी सकाळी ७ ला. आजोबा साडेसहाला डबा घेऊन गेटवर. डबा घेऊनच जायचं, कारण काम मिळालं तर मधे परत यायला वेळ नाही आणि नाही मिळालं तर तोच डबा खोलीवर आणून खायचा. त्यांनी मला एकदा सांगितलेलं की सगळ्यात वाईट काय असेल तर भरलेला डबा परत घेऊन खानावळवालीच्या दारावरून जाणं. ती काही बोलायची नाही पण तिला कळायचं की या महिन्याचे पैसे उशिरा येणार. मग काही जण डबा पिशवीत खाली दाबून वर पेपर ठेवायचे. एवढ्या गर्दीच्या वस्तीत, जिथे एका खोलीत दहाबारा माणसं पाळीपाळीने झोपायची, तिथे कुणाचा डबा भरलेला परत आला हे लपतंय होय! पण लपवायचे.

आणि आता गणपती. कोकणातल्या माणसाला गणपतीला आणि शिमग्याला गाव सुटत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे, त्याच्यावर विनोदही भरपूर होतात. पण गावी जाणार कोण? ज्याचा साचा परत आल्यावर त्याचाच राहणार आहे तो. कायम माणूस रजा टाकून, नाहीतर सरळ खाडे करून गावी जायचा. आणि तो गेला की त्याचा साचा बदलीवाल्याला मिळायचा. म्हणजे बदलीवाल्याचा सीझन कधी, तर मे महिन्यात, शिमग्यात आणि गणपतीत. बाकीचं गाव ज्या दिवशी ढोलकी घेऊन बोटीला नाहीतर एसटीला लागायचं, त्या दिवशी आजोबांच्या हाताला सलग दहाबारा दिवसांचं काम. ते सहा वर्षं बदली होते आणि सहा वर्षांत एकदाही त्यांनी घरचा गणपती बघितला नाही. पणजी गावात सांगायची म्हणे, "पोराक सुटी गावूक नाय." खरं उलटं होतं, सुट्टी तर वर्षभर होती. काम त्याच दिवसांत होतं.

त्यामुळे तेव्हा कोण कुठल्या पायरीवर आहे हे बघायला पगाराचं पाकीट उघडायची गरज नव्हती. गणपतीत मुंबईत कोण उरलंय ते बघायचं. खोलीत ट्रंका तेवढ्याच, माणसं चार. ती चार बदलीवाली. गावात सुद्धा हे लोकांना पक्कं कळत होतं. सोयरिकीला माणसं यायची तर प्रश्न "मुंबईला असतो का" हा नसायचाच, "कायम झालो काय" हा असायचा. मुलीचा बाप शेवटी हिशेब करतो तो महिन्याचा नाही, वर्षाचा करतो. आजोबांचं लग्न १९५९ ला कायम झाल्यावर पाच महिन्यांत जमलं, त्याआधी तीन ठिकाणांहून नारळ परत आलेला.

हे झालं मस्टरचं. आता खातं.

गिरणीत कापूस एका टोकाने आत जातो आणि दुसऱ्या टोकाने कापड बाहेर पडतं, आणि त्या वाटेवर जसजसं पुढे जावं तसतसा माणसाचा मान वाढत जायचा असं साधारण म्हणता येईल (अपवाद आहेतच). सुरुवातीला ब्लो रूम आणि कार्डिंग, तिथे कापसाची पूड इतकी की माणूस पांढरा होऊन बाहेर यायचा आणि काही वर्षांनी खोकला धरायचा. मग रिंगखाता, सूत कातायचं, तिथे पगार कमी आणि पळापळ जास्त. मग कांड्या भरणं, वाइंडिंग, तिथे बायका असायच्या. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानेही बायकांना रातपाळी बंदच ठेवली आणि गिरण्या तर तिन्ही पाळ्यांत चालवायच्या होत्या, त्यामुळे त्या जागांवरही हळूहळू पुरुष येत गेले, हा एक वेगळाच लेख होईल. मग सायझिंग, सुताला खळ लावायची, काम अवघड आणि थोडक्या माणसांचं, तिथला सायझर म्हणजे कामगारांतला जहागीरदार. आणि मग कपडखाता. साचे. आवाज असा की दोन हातावरच्या माणसाशी खुणांनी बोलायचं. पण पगार चांगला, आणि साचेवाला म्हटलं की छाती जरा पुढे.

आता या कपडखात्यात कोण जाऊ शकत होतं? मराठा-कुणबी होते, उत्तरेकडून आलेले मुसलमान विणकर होते, तेलुगू पद्मशाली होते. दलित कामगार नव्हते. ते रिंगखात्यात, खालच्या पगारावर. आणि यामागे कारण कुठलं, तर धोटा, म्हणजे पोटात सुताची कांडी घेऊन साच्यात इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. धोट्यातली कांडी संपली की नवीन घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं, आणि ते काढायची सगळ्यात झटपट रीत म्हणजे भोकाला तोंड लावून श्वास आत ओढायचा, सूत सुर्रकन बाहेर. दिवसातून कितीतरी वेळा. तोच धोटा पुढच्या पाळीचा माणूस तोंडाला लावणार. म्हणजे अस्पृश्य मानलेल्या माणसाची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला लावणार नाही, म्हणून त्याने कपडखात्यात यायचंच नाही. बस. एवढ्या एका बोटभर भोकावर हजारो माणसांचा पगार आणि पुढच्या पिढीचं शिक्षण अडलं.

१९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला, की संपाच्या मागण्यांमध्ये विणकाम खातं दलितांना खुलं करा ही मागणी घाला. संपाच्या पुढाऱ्यांनी ती घातली, पण मनापासून नाही, आणि मालकांनी तर काय म्हणावं, की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. आणि इथेच खरी गोची आहे कारण मालक त्या एका बाबतीत खोटं बोलत नव्हते! दार कामगारांनीच अडवलेलं होतं. लाल बावट्याखाली उभे राहणारे, मालकाला शिव्या घालणारे, पोलिसांच्या लाठ्या खाणारे, तेच लोक. हे लिहिताना मला बरं वाटत नाही कारण त्यांत माझ्याही घरचे असणार. आजोबा तर कपडखात्यातलेच, आणि पंचवीस वर्षांनंतर ते आले तेव्हाही, म्हणजे संविधान येऊन तीन वर्षं झाल्यावरही, त्यांच्या खात्यात परिस्थिती फारशी हललेली नव्हती असं त्यांनीच सांगितलंय. त्यांनी कधी त्याविरुद्ध काही केलं का असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "मी बदली होतो." मला तेव्हा हे उत्तर पळवाट वाटलं. आता अर्धं पळवाट वाटतं आणि अर्धं खरं. ज्याचा स्वतःचाच साचा उद्या असेल की नाही माहीत नाही तो दुसऱ्याच्या साच्यासाठी भांडत नाही. पण कायम झाल्यावर तरी? ते मी विचारलं नाही.

यावर एक जण मला म्हणाला की तू जात आणतोयस, विषय वर्गाचा आहे. मला हे समजतच नाही. जातीने खातं ठरत होतं, खात्याने पगार, पगारावर खोली आणि मुलाची शाळा. यातून वर्ग वेगळा काढून कुठल्या ताटात वाढायचा? आणि वरच्या बाजूलाही तेच होतं. वीव्हिंग मास्तर, स्पिनिंग मास्तर हे आधी लँकेशायरहून यायचे, मग व्हीजेटीआयमधून शिकून आपले लोक त्या जागी गेले, पण ते आपले म्हणजे कुणाचे आपले? साच्यावर वीस वर्षं काढलेला माणूस फार तर जॉबर व्हायचा, मास्तर नाही. आणि कारकून. टाइमकीपरच्या खिडकीत बसलेल्या कारकुनाच्या आणि चांगल्या साचेवाल्याच्या पगारात काही महिने फारसा फरक नसायचा, आजी तर शपथेवर सांगायची की आमच्या यांचं पाकीट जड असायचं. पण तो दादरला राहायचा, त्याची बायको खानावळ चालवायची नाही, आणि त्याचा मुलगा मॅट्रिक होणार हे धरलेलंच होतं. आजोबांनी त्याला तीस वर्षं साहेब म्हटलं, आणि त्याने आजोबांना तिकीट नंबरने.

मग एकी नव्हतीच का? होती की. १९५० साली बोनससाठी ६३ दिवस गिरण्या बंद राहिल्या, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हीच माणसं रस्त्यावर होती, आणि १८ जानेवारी १९८२ ला जो संप सुरू झाला त्यात तर अडीच लाखांच्या आसपास माणसं उतरली. पण या एकीला लोक अशी वागवतात की जणू ती चाळीच्या नळाला यायची, पाण्याबरोबर. ती नैसर्गिक नव्हती हो. वेगवेगळ्या खात्यांची, वेगवेगळ्या जातींची, कायम आणि बदली अशी माणसं, ज्यांचं हित रोजच्या रोज एकमेकांच्या आड येत होतं (तो गावी गेला तरच माझं पोट भरतं, याच्याहून आड ते काय येणार), ती एकत्र आणायला कुणीतरी रात्ररात्र चाळीचाळीत बैठका घेतल्या, भांडणं मिटवली, वर्गणीचे हिशेब दिले. "सगळे सारखेच होते" म्हटलं की ही सगळी मेहनत फुकट जाते. सारखे नव्हते आणि तरी एकत्र आले, यात जास्त मोठेपण आहे असं मला वाटतं. ८२ च्या मागण्यांमध्ये पगारवाढीबरोबर बदलींना कायम करा ही मागणी होती, हे किती जणांना आठवतं? पगारवाढ आठवते.

हा सगळा इतिहास उकरायचं कारण एवढंच की ही उतरंड अजून चालू आहे, फक्त कागदांत. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे पात्रता ठरवताना काय काय मागितलं ते बघा. तिकीट नंबर किंवा ओळखपत्र, लाल पास, सर्व्हिस सर्टिफिकेट, फंडाचा नंबर, ईएसआयचा नंबर, हजेरीपत्रक, ग्रॅच्युइटीचा कागद, पगाराची पावती. सगळी कायम माणसाच्या ट्रंकेत सापडणारी चीज. मी असं म्हणत नाही की बदलीवाल्याला मुद्दाम बाहेर ठेवलं. पण ज्या माणसाची अख्खी नोकरीच तुकड्यातुकड्यांची होती त्याच्याकडे कागदही तुकड्यांचेच असणार, आणि नसतील तर त्याच्या नातवाने ते आणायचे कुठून, ती गिरणी आता टॉवर झाली. कागद मागणाऱ्या बाईंचा यात काही दोष नाही, यादी वरून आलेली. दोष आपल्या डोक्यातल्या त्या एकाच चित्राचा आहे, कामगार म्हणजे मस्टरवरचा माणूस.

आणि त्याच टॉवरच्या गेटवर आज जे उभे असतात, सिक्युरिटीवाले, हाऊसकीपिंगवाले, पार्सल घेऊन येणारी पोरं, त्यांना बघून लोक म्हणतात की बघा, हे आजचे बदली. अर्धवट तुलना आहे ही. बदलीवाल्याला निदान कार्ड होतं. त्याच्या आधी कोण आणि नंतर कोण याचा काहीतरी क्रम होता, आणि दूर का होईना समोर एक दिवस होता ज्या दिवशी त्याचं नाव मस्टरवर चढणार होतं. पार्सलवाल्या पोराला कुठल्या मस्टरची वाट बघायची आहे? म्हणून मला "पूर्वी कामगारवर्ग होता, आता राहिला नाही" हे रडगाणंही आवडत नाही. पूर्वी जो होता त्यातला खालचा अर्धा भाग आपण तेव्हाही मोजत नव्हतो, आता फक्त तोच भाग उरलाय, आणि सवयीने आपण तो आताही मोजत नाही.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योगाचं म्युझियम उभं राहतंय. तिथे साचे असतील, भोंगा असेल, दशावताराचे आणि भजनी मंडळांचे फोटो असतील, चांगलंच आहे. माझी मागणी असेल तर एक धोटा ठेवा, आणि त्याच्या त्या भोकाशेजारी तो कुणी तोंडाला लावायचा आणि कुणी नाही हे स्पष्ट लिहा. आणि एक बदली कार्ड. त्यातल्या कोऱ्या दिवसांसकट.

आमच्याकडे कार्ड नाही. आत्याने घराचा फॉर्म भरला तेव्हा ट्रंकेत लाल पास आणि फंडाची पावती मिळाली, तेवढ्यावर काम झालं. फॉर्म भरताना तिने मला फोन केला होता, की कामाला लागल्याची तारीख कुठली टाकू, त्यांच्या तर दोन आहेत. मी म्हटलं ५३ टाक, तेव्हापासून गेटवर उभे होते. ती म्हणाली, "त्याचो कागद खंय आसा?" आणि तिने ५९ टाकली.